सोलापूरच्या थंडीत, खिशातल्या कॅमेऱ्यानं

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, एक छोटा डिजिटल कॅमेरा पडलेला असतो. कुणाच्या तरी लग्नासाठी घेतलेला असतो, मग मोबाइल येतो आणि तो मागं पडतो. आपल्या कामाला तेवढं भांडवल पुरे. काही नवीन विकत घेण्याआधी तो खाली काढा, पुसा आणि बॅटरी बाहेर काढून बघा. बॅटरी फुगलेली असेल, कप्प्यात अडकत असेल, तर ती चार्ज करायच्या फंदात पडू नका, नवी आणा. कार्डावरचे जुने फोटो आधी दुसरीकडं उतरवून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी हरभऱ्याच्या फुलापायी आत्याचं डोहाळजेवण पुसलं जाईल.

सोलापूरची थंडी काही हाडं गोठवणारी नव्हे. पहाटे पारा कधी १२-१३ पर्यंत उतरतो आणि नऊ वाजले की स्वेटर कमरेला. पण अगदी जवळून फोटो काढणाऱ्याला हीच थंडी सोयीची. किड्यांचं अंग आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. ऊब भरल्याशिवाय त्यांना धड उडता येत नाही. त्यामुळं उजाडल्यापासून तास-दीड तास चतुर, टाचण्या (चतुरासारखेच, पण सुईसारख्या बारीक अंगाचे किडे), नाकतोडे रात्री जिथं टेकले तिथंच असतात. आणि ऊन तिरपं असतं. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र भर दुपारीही सूर्य जेमतेम ४९ अंशांपर्यंत चढतो. बाजूनं येणाऱ्या त्या उजेडात पानावरची लव, शिरा, किड्याच्या पायावरचे काटे सगळं उठून दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नवीन माणूस हमखास इथं चुकतो. फिरू नका. सकाळच्या त्या दीड तासात तीन किलोमीटर चाललात तर पन्नास फोटो मिळतील आणि पन्नासच्या पन्नास सारखेच हुकलेले. बांधावरची हात-दोन हात जागा धरा आणि तिथंच बसा. पहिली दहा मिनिटं तिथं काहीच दिसत नाही. नंतर दिसायला लागतं.

आधी घरात, पट्टी घेऊन

रानात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर घालवा. शाळेची पट्टी, मूठभर शेंगदाणे आणि बल्बचा चांगला उजेड एवढंच लागतं.

कॅमेऱ्यावर ट्युलिपच्या फुलासारखं एक चिन्ह असतं. तो मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायची सोय. तो चालू करा, झूम अजिबात करू नका आणि पट्टीच्या आकड्यांवर कॅमेरा नेम धरून धरा. बटण अर्धं दाबा. हिरवी चौकट आली म्हणजे फोकस झाला. थोडं जवळ जा, पुन्हा अर्धं दाबा. असं करत करत एका अंतरावर चौकट लाल किंवा पिवळी होऊन लुकलुकायला लागेल. तुमच्या कॅमेऱ्याची हद्द तिथं संपली. काही कॅमेऱ्यांत ती लेन्सपासून १ सेंटीमीटरवर असते, काहींत ५ वर. आता झूम एक पायरी वाढवा आणि हेच पुन्हा करा. हद्द एकदम मागं सरकलेली दिसेल. झूम पूर्ण ताणलात तर ती अर्धा मीटर, कधी त्याहूनही लांब जाते.

ही चाचणी न करता रानात गेलेला माणूस झूम करून फुलाच्या जवळ जातो, फोटो धूसर येतात आणि तो कॅमेऱ्याला शिव्या घालतो. बहुतेक कॉम्पॅक्ट, म्हणजे अशा खिशातल्या, कॅमेऱ्यांत मॅक्रो खरा चालतो तो झूम न करता, अगदी नाक टेकवून. पट्टीचे किती मिलिमीटर चौकटीत मावले तेही कुठंतरी लिहून ठेवा. ३० मिलिमीटर मावत असतील तर ज्वारीच्या दाण्याएवढा किडा चौकटीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शात बसेल, हे आधीच कळतं. मग पानांचा रस शोषणाऱ्या बारीक माव्याच्या एका किड्याचा चेहरा टिपायची हाव राहत नाही.

शेंगदाण्यांवर सराव करताना एक सवय लावून घ्या. फोकस एकदा धरला की बटण अर्धं दाबलेलंच ठेवा आणि स्वतः केसभर मागं-पुढं डुला. स्क्रीनवर हवा तो भाग टोकदार झाला की पूर्ण दाबा. कॅमेऱ्याला दर वेळी नव्यानं फोकस शोधायला लावण्यापेक्षा हे लवकर होतं. हात बसायला दोन-तीन दिवस लागतात.

सेटिंगमधली साफसफाई

हे काम पटकन उरका. फोटोवर तारीख छापायचं बंद करा. डिजिटल झूम बंद. चेहरा ओळखणारा फोकस बंद आणि त्याच्या जागी मधला एकच ठिपका. टुकटुक आवाज बंद, फोकससाठी लागणारा लाल दिवा बंद, फ्लॅश बंद. फोटोचा आकार सगळ्यात मोठा. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) हातानं ठेवता येत असेल तर १०० ते ४०० च्या मध्ये, त्यावर जुन्या कॅमेऱ्यात कण दिसायला लागतात. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर कसा लावायचा ते शोधून ठेवा.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बदलता येत असेल तर एफ ४ च्या आसपास राहा; एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान. इथं छोट्या कॅमेऱ्याची खरी मजा आहे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे करडईच्या दाण्याएवढा. त्यामुळं मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ २२ ला जेवढी खोली नीट दिसते, तेवढी इथं एफ ४ लाच मिळते. किड्याच्या मिशीपासून पाठीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. लाखाचा कॅमेरा गळ्यात घातलेले लोक यासाठी एकावर एक दहा फोटो रचत बसतात. मात्र हाव धरून एफ ८ वर गेलात तर एवढ्याशा सेन्सरवर फोटो मऊ पडतो.

त्याची दुसरी बाजूही आहे. मागचं सगळंही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. प्लास्टिकची पिशवी, ठिबकची नळी, बांधावरची बाटली, सगळं हजर. म्हणून मागं काय आहे ते फुलाआधी बघायचं. आपल्याकडं यावर फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे काळी माती. सावलीतली काळी ढेकळं मागं आली की पिवळं फूल आपोआप पुढं येतं. किंवा कॅमेरा पानाच्या खाली धरून वर आभाळाकडं बघा. थंडीत सोलापूरचं आभाळ दिवसेंदिवस निरभ्र असतं, मागं नुसती निळाई मिळते.

पिशवीत काय न्यायचं

ट्रायपॉड नको. कोपरभर उंचीच्या हरभऱ्यात तो अडचणच करतो. त्याऐवजी कापडी पिशवीत किलोभर ज्वारी भरा, तोंड शिवून टाका. ढेकळावर, दगडावर, बांधाच्या उतारावर ती हवी तशी बसते आणि तिच्यात कॅमेरा रुतवला की हलत नाही. घरात उंदीर असतील तर मात्र पिशवी डब्यात ठेवा. माझी पहिली पिशवी एका रात्रीत निम्मी झाली होती.

एक जुनी सोलापुरी चादर अंथरायला. पोटावर झोपल्याशिवाय हे फोटो होत नाहीत आणि पहाटेची जमीन ओली असते. एक छोटा टॉवेल. एक पांढरा रुमाल. वाऱ्यानं हलणारी काडी धरायला कपड्यांचे दोन चिमटे आणि एक बारकी काठी: काठी मातीत खोचायची, एका चिमट्यानं फुलाचा देठ अलगद तिला टेकवायचा. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा, तळहाताएवढा पुरतो. सावलीतल्या बाजूला धरला की तिथं उजेड पडतो. सूर्य फार तापला तर फूल आणि ऊन यांच्या मध्ये तोच पांढरा रुमाल ताणून धरा, कडक सावल्या विरघळतात. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेतलीत तर उत्तम, पण खाऊन झाल्यावर हात पुसल्याशिवाय कॅमेऱ्याला लावू नका. तेलाचा डाग लेन्सवरून सहजी जात नाही.

कधी, कुठं

डिसेंबरच्या मध्यात सोलापुरात पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजता. उजाडताना जागेवर पोचलेलं असा. साडेआठपर्यंत वारा नसतो, दव असतं आणि किडे गार असतात. नऊनंतर तिन्ही गोष्टी एकदमच हातातून जातात.

जागेसाठी लांब जायची गरज नाही. कंबर तलावाच्या कडेला टाचण्या आणि चतुर मिळतात. विजापूर रोडच्या वनविहारात झाडोरा आहे. सिद्धेश्वर तलावाचा काठही चांगला, फक्त जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडून, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. तिथं मात्र परवानगीशिवाय आणि वाट सोडून गवतात शिरायचं नाही. कुसळी गवतातला नाकतोडा टिपण्यासाठी अभयारण्य तुडवायची गरजही नाही, तो गावाबाहेरच्या कुठल्याही पडीक माळावर असतो.

माझी पसंती साध्या शेताच्या बांधाला. एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला शाळू (रब्बीची ज्वारी), मध्ये बांधावर रुई, एकदांडी, घाणेरी. आठवड्याला एकदा तोच बांध. मालकाला विचारून जा, आणि दोन प्रश्न विचारा: आत येऊ का, आणि औषध कधी मारलंय. दोन-चार दिवसांत फवारणी झालेली असेल तर त्या रानात तोंड खुपसून झोपायचं नाही.

हिप्परग्याच्या बाजूला एकदा मी असाच पोटावर पडलो होतो. मागून आवाज आला, “काय हरवलंय का हो?”

“नाही मामा, किड्याचा फोटो काढालोय.”

“किड्याचा? मग औषध कुठलं मारायचं तेबी सांगा की.”

त्यानंतर अर्धा तास मामा आणि मी ज्वारीची पानं उलटी करून बघत होतो. ते पुढं येतंच.

पायांत बूट हवेत, चप्पल नको. थंडीत सकाळी घोणस उन्हाला पडलेली असते, दगडगोट्यांच्या माळावर फुरसं असतं. बसण्याआधी काठीनं जागा झोडपून घ्या आणि दगड उलटवू नका, खाली विंचू असू शकतो. ज्यांना गाजरगवतानं अंगाला खाज येते त्यांनी ते टाळून बसा.

पहिला धडा: हरभऱ्याची आंब

सुरुवात हरभऱ्यापासून करा, कारण तो उडून जात नाही.

आमच्याकडं जुन्या बायका थंडीत रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरायच्या आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायच्या. पोट दुखलं की तीच. ही आंब येते कुठून ते कॅमेऱ्यात दिसतं. नुसत्या डोळ्यांना हरभऱ्याचं पान जरा पांढुरकं, धुळकट वाटतं. झूम न करता दोन सेंटीमीटरवर या. पानाच्या कडेला, देठाला, घाट्याच्या टरफलावर उभी लव आहे, आणि कितीतरी केसांच्या टोकावर एकेक गोल थेंब, टाचणीच्या डोक्याहून कितीतरी बारीक. ते दव नाही. ते त्या केसांनीच सोडलेलं आम्ल आहे, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. चाटून बघा, जीभ आवळते.

हा फोटो असा घ्या. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडं, पाठीमागं नको. पाठीमागं असला की लेन्सची सावली थेट पानावर पडते, आणि दोन सेंटीमीटरवरच्या कामात ही सावली सगळ्यात मोठा शत्रू. सूर्य किंचित समोर घ्या म्हणजे केस उजळतील. मागं सावलीतली माती येऊ द्या. कॅमेरा ज्वारीच्या पिशवीवर, टायमर दोन सेकंदांवर. काळ्या मातीमुळं कॅमेरा फसतो आणि फोटो जास्त उजळ करतो, म्हणून प्लस-मायनसचं बटण उणे ०.७ वर न्या. तेच पांढऱ्या फुलानं चौकट भरली तर उलटं, अधिक ०.३ ते ०.७.

पहिल्या वर्षी मी थेंबाच्या इतका जवळ गेलो की लेन्सची काचच आंबेत बुडाली. कळलं नाही. घरी येईपर्यंत डाग सुकून बसले आणि पुढच्या चाळीस फोटोंत एकाच जागी धुकं. तेव्हापासून हरभऱ्यातून उठताना दर वेळी काच तपासतो. ओलसर मऊ कापडानं लगेच पुसली की डाग जातो. कॅमेऱ्यावर आपला श्वासही साचतो, पहाटे फार. फोटो घेताना श्वास रोखायचा तो हात हलू नये म्हणून, आणि काच धुरकटू नये म्हणूनही.

याच रानात दवाचे थेंबही आहेत. एखादा मोठा थेंब बघा, त्यात सगळं जग उलटं दिसतं: आभाळ खाली, बांध वर. थेंब भिंगाचं काम करतो. त्याच्यामागं बोटभर अंतरावर काडीला एकदांडीचं फूल लावून बघा, थेंबात अख्खं फूल उमटेल. इथं फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या चित्रावर हवा. मधला ठिपका नेमका तिथं आणा आणि डुलण्याची युक्ती वापरा. मला हे पहिल्यांदा साधायला तीन रविवार लागले.

ज्वारीच्या पानाच्या टोकाला पहाटे जो टपोरा थेंब लोंबतो तो मात्र बहुतेकदा दवाचा नसतो. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं. दव पानभर बारीक विखुरलेलं असतं, हा थेंब एकाच ठरलेल्या जागी. एकदा फरक कळला की लांबूनच ओळखता येतं.

चतुर गार असेपर्यंत

चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा मिटून. पहाटे दोघांवरही दव असतं. ओळख पटली की लगेच धावू नका. आधी मीटरभरावरून एक फोटो घ्या, जवळ जाताना उडालाच तर काहीतरी हाती असेल. मग वाकून, काडीकाडीनं जवळ जा. तुमची सावली त्याच्यावर पडता कामा नये. सावली पडली की तो थंडीतही काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. असा सरकला तर तुम्हीही फिरू नका, क्षणभर वाट बघा.

चतुराचा फोटो दोनच बाजूंनी चांगला येतो. एक बाजूनं, कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर ठेवून, म्हणजे डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं एका पातळीत येतं. दुसरा समोरून, नुसते डोळे. तिरका घेतलात तर अर्धा धूसर. आणि डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं स्पष्ट असून उपयोग नाही.

सव्वाआठच्या सुमारास त्याचे पंख बारीक थरथरायला लागतात. पंखांचे स्नायू तापवायची ती त्याची रीत. हे दिसलं की तुमच्याकडं मिनिट-दोन मिनिटं उरली.

काही जण किडे डब्यात भरून फ्रिजमध्ये गार करतात, मग बाहेर काढून पानावर ठेवतात. काही जण स्प्रेच्या बाटलीनं खोटं दव मारतात. दवाचं एक वेळ सोडा, पण फ्रिजचा प्रकार मला अजिबात पटत नाही. असला किडा पानावर बसलेला नसतो, टाकलेला असतो, आणि फोटोत ते दिसतं.

ज्वारीत शिरल्यावर

शाळू पोटरीतून निसवला की कणसाला फुलोरा येतो. तो वरून खाली उतरतो: कणसाच्या शेंड्याकडची फुलं आधी, बुडाकडची चार-सहा दिवसांनी. फुलं उमलतात ती पहाटेच्या सुमारास, म्हणून उजाडताना गेलात तर पिवळे तुरे ताजे लोंबताना मिळतात, आणि ऊन चढलं की मधमाश्या पायाला पराग बांधून त्याच कणसावर येतात. कणीस उंच असतं, तेव्हा पोटावर पडायची सुट्टी. चिमटा आणि काठी इथं उपयोगी.

आता मामांचा किडा. ज्वारीचं पान उलटं करा. मधल्या शिरेच्या कडेनं पिवळसर ठिपक्यांची दाटी दिसली तर तो मावा. खालच्या पानावर चकाकणारा चिकटा असतो, तो वरच्या पानावरच्या माव्यानं टाकलेला. त्या दाटीत तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा किंवा त्याची काळपट, काटेरी, सुसरीसारखी दिसणारी अळी सापडते. दोघंही मावा खातात. मामांनी त्या अळीलाच शत्रू समजून चिरडायला बोट पुढं केलं होतं. मी फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला: अळीच्या जबड्यात अर्धा मावा. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे असलं अजून कुठं हाय का बघा बरं.”

असा फोटो हवा असेल तर एका पानावर ठाण मांडा आणि लागोपाठ फोटो घेणारा मोड लावा. अळी खाताना डोकं वर-खाली करते. दहांतला एखादाच बरा येतो. बाकीचे पुसायचे.

रुईच्या झाडावर प्लेन टायगर फुलपाखराची अळी शोधा: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. पान खालून कुरतडलेलं दिसलं की ती जवळपास असतेच. पान तोडू नका. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला खरोखरची इजा होते, आणि आपण तर नेमका डोळा जवळ नेत असतो. करडई जानेवारीच्या पुढं फुलते, आधी पिवळी, मग जुनी होत जाईल तशी केशरी. काट्यांमुळं चादर फाटते, म्हणून मी ती बांधावर उभा राहूनच काढतो.

झूम लागतोच तेव्हा

नऊनंतर सगळं जागं झालं की दोन सेंटीमीटरवर कुणी बसू देत नाही. तेव्हा लेन्ससमोर भिंग लावा. क्लोजअप लेन्स म्हणून मिळते तिच्यावर प्लस ४ लिहिलेलं असेल तर झूम पूर्ण ताणून साधारण २५ सेंटीमीटरवरून फोकस होतो. हिशोब सोपा आहे, १०० भागिले भिंगाचा आकडा म्हणजे तेवढे सेंटीमीटर. कॉम्पॅक्टच्या पुढं भिंग फिरवून बसवायला आटे नसतात, म्हणून मी पुठ्ठ्याची नळी करून ती कॅमेऱ्याला रबरबँडनं बांधतो. दिसतं हास्यास्पद. नळीचा भार बाहेर येणाऱ्या लेन्सवर पडणार नाही एवढं बघा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंगही चालतं, पण त्याचा आकडा मोठा असतो, त्यामुळं पुन्हा जवळ जावं लागतं आणि चौकटीचे कोपरे काळे येतात.

धूळ

बर्फाळ मुलखात फोटोवाले थंडीनं बॅटरी उतरते म्हणून घाबरतात. आपल्याला तो त्रास नाही. आपल्याला धूळ. कॉम्पॅक्टची लेन्स बाहेर-आत सरकते आणि त्या फटीत ज्वारीचं भूस किंवा मातीचा एक कण अडकला की ती तिथंच थांबते. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं तसंच झालं. खळ्यावर मळणी चालली होती आणि मी शहाणा, कॅमेरा उघडून मध्ये उभा. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात दुसरा जुना कॅमेरा आला असता, आणि मग तसाच घेतला. तेव्हा वारा सुटला, ट्रॅक्टर गेला, मळणी दिसली की कॅमेरा बंद आणि झिपच्या पिशवीत. शर्टाच्या खिशात नुसता टाकायचा नाही. काच फुंकून साफ करू नका, थुंकी उडते. रबरी फुगा असतो, त्यानं हवा मारा.

घरी आल्यावर

फोटो त्याच दिवशी बघा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळेच चांगले दिसतात, मोठ्या पडद्यावर खरं कळतं. दीडशेतले पाच ठेवले तरी खूप. कडेचं थोडं कापा, सावल्या किंचित उजळा, धार जराशी वाढवा आणि थांबा. रंग गडद करत बसलात तर हरभऱ्याचं जांभळं फूल प्लास्टिकचं दिसायला लागतं.

प्रत्येक ठेवलेल्या फोटोशेजारी तारीख, जागा आणि झाड लिहून ठेवा. किड्याचं नाव माहीत नसलं तरी झाडाचं नाव लिहा, पुढं किडा ओळखायला तेच उपयोगी पडतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलात तर जगभरातले जाणकार ओळख सुचवतात. त्यासाठी एकाच किड्याचे दोन-तीन बाजूंनी घेतलेले फोटो लागतात: पाठ, बाजू, तोंड. माझे कितीतरी किडे नुसत्या पाठीच्या फोटोमुळं अजून बिननावाचे आहेत.

शिवरात्रीला थंडी “शिव शिव” म्हणत निघून जाते म्हणतात. तोवर आठवड्याला एक सकाळ धरली तरी आठ-दहा सकाळी मिळतात. त्या दिवसांत शाळू काढला जातो आणि रानात नुसती धसकटं उरतात. कोळी तेव्हा त्याच धसकटांना जाळी बांधतात, दव असेल त्या दिवशी ती सूर्यासमोर धरून बघण्यासारखी असतात. फक्त तिथं आडवं पडताना चादर दुहेरी घाला.